वार्निश वाळेपर्यंत

पटेल दद्दांच्या मटरात दाणा भरला नव्हता. मालनबाईला ते कळायला शेंग सोलावी लागत नव्हती. डाव्या हातानं वेल धरायचा, उजव्या अंगठ्यानं देठ मोडायचा, आणि शेंग ओटीत पडायच्या आधी बोटाच्या पेरालाच कळायचं की आत आठ दाणे आहेत की चार. आज चारच होते. तेही एकमेकांपासून अंतर राखून बसल्यासारखे.

धुकं कमरेइतकं खाली उतरलं होतं. दवानं लुगड्याचा काठ भिजून पोटऱ्यांना चिकटत होता. जबलपूरकडच्या मझौलीच्या आसपास डिसेंबरात अशी धुक्याची सकाळ नवी नाही, पण इतर वर्षी ओल वरूनही असते आणि खालूनही. यंदा पायाखालची माती टाचेला टोचत होती. मजुरी बोरीवर, म्हणजे भरलेल्या पोत्यावर होती. पलीकडच्या शेतातल्या बायांची दुपारपर्यंत दुसरी बोरी भरत आली, तरी मालनबाईची पहिलीच तोंडापर्यंत आली नव्हती. हलक्या शेंगांनी बोरी भरायला हात दुप्पट चालवावे लागतात, आणि पाठीला ते हिशेबाआधी समजतं.

पटेल दद्दा बांधावर येऊन उभे राहिले. साठी उलटलेला, उंच, मफलर कानावरून बांधलेला माणूस. त्यांनी सगळ्या बायांना सोडून तिलाच विचारलं.

"काए मालनबाई, तुम्हारे आदमी की वार्निश सूखी कि नहीं?"

बायांचे हात थांबले नाहीत, पण कान तिकडं वळले. मालनबाईनं मान वर केली नाही. "सूख रही है दद्दा," ती म्हणाली. "धूप नहीं है न."

दद्दांनी आभाळाकडं पाहिलं. धूप खरोखरच नव्हती. ते निघून गेले आणि मालनबाईनं पुढच्या वेलाला हात घातला. या उत्तराचा आजचा तेरावा दिवस होता. नवऱ्याचं खोटं तिच्या तोंडून इतक्या सहज निघायला लागलं होतं की तिला स्वतःचीच भीती वाटली.

गुलाबराव मोटार वाइंडिंगचं काम करायचा. त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरजवळच्या रांझीला फॅक्टरीत कामाला आले होते, बापही तिथंच रिटायर झाला. गुलाबरावला फॅक्टरीत जागा मिळाली नाही, पण एका काकाकडून हा हुन्नर मिळाला. त्याच्या बळावर त्यानं मझौलीत बसच्या रस्त्याला टिनाचं दुकान टाकलं, मागं दोन खोल्या बांधल्या. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळल्या की लोक त्याच्याकडे आणत. जळालेलं तांबं काढायचं, खाचा साफ करायच्या, नवी तार मोजून गुंडाळायची, वर वार्निश ओतून वाळवायचं. मोजणीला तो फार कडक होता. वेढे मोजताना दुकानात कुणी बोलायचं नाही. आकडा चुकला असं नुसतं वाटलं तरी अंदाजानं पुढं जायचं नाही, सगळी तार उलगडायची आणि एकपासून सुरू करायचं. बारा वर्षांची प्रियंका शाळेतून आली की त्याच्याजवळ खोक्यावर बसून मोठ्यानं आकडे म्हणायची आणि तो गुंडाळायचा. तिचा पाढा मास्तरांनी कमी आणि मोटारींनी जास्त पक्का केला होता.

नोव्हेंबरअखेर रांझीला चुलत पुतणीचं लग्न होतं. दोन दिवस दुकान बंद होतं. परत आले तर छपराचा एक पत्रा उचकटलेला. नऊ गिऱ्हाइकांच्या नऊ मोटारी जागच्या जागी होत्या, पण आतलं तांबं कापून नेलेलं. नवी गुंडाळलेली चार, जुनी पाच; पटेल दद्दांची मोटारही त्यांतच होती. शिवाय जबलपूरच्या व्यापाऱ्याकडून आणलेली नव्या तारेची सगळी रिळंही गेलेली.

मालनबाई म्हणाली, ठाण्यात जा. गुलाबराव खोक्यावर बसून राहिला.

"रिपोर्ट केली की गावभर होते," तो म्हणाला. "मंग कोण टाकते माझ्याकडं मोटार? म्हणतीन, यानंच विकलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं पत्रा ठोकला. नऊ रिकाम्या मोटारींना वरून हिरवा रंग दिला आणि दांड्याची बाजू रस्त्याकडं करून ओळीत मांडल्या. कुणी आलं की म्हणायचा, काम झालं आहे, वार्निश तेवढं वाळून राहिलं. लोक लांबून रंग बघायचे आणि जायचे. ऊन नव्हतं, म्हणून खोटं टिकलं. उन्हाळा असता तर दोन दिवसांत उघडं पडलं असतं.

पैशाच्या सगळ्या वाटा त्यानं चाचपून पाहिल्या. व्यापारी आधीचं दिल्याशिवाय तार देईना. रांझीच्या भावानं हात वर केले. मग एका सकाळी भाकरी मोडता मोडता तो प्रियंकाच्या पैशाबद्दल बोलला.

चार वर्षांपूर्वी शाळेसमोर एका डंपरनं प्रियंकाचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता; तो कापून कृत्रिम पाय बसवावा लागला. जबलपूरचे विष्णुपंत वकील केस लढले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, मराठी मात्र पुस्तकातल्यासारखं स्वच्छ. क्लेम कोर्टानं भरपाई दिली आणि ती प्रियंका अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत तिच्या नावानं बांधून ठेवली. तिमाहीचं व्याज मालनबाईच्या खात्यात यायचं, ते शाळेला आणि पायाला लागायचं. मूळ रकमेची पावती लोखंडी पेटीत, बाबासाहेबांच्या जुन्या तसबिरीच्या मागं होती. चार वर्षांत गुलाबरावनं ती एकदाही मागितली नव्हती. गावात कुणीतरी म्हणालं होतं की पोरीचा पाय गेला पण घर वर आलं, तेव्हा तो त्या माणसाच्या अंगावर धावून गेला होता.

"चोरून राहिलो का मी?" तो म्हणाला. "सीझन झाला की भरून टाकीन. बापच तर आहो."

बँकेच्या मॅनेजरनं कोर्टाचा कागद आणायला सांगितलं. विष्णुपंतांनी समजावलं की या पैशाच्या बाबतीत मुलीचे आईबाप म्हणजे कोर्टच, आणि ते एकच विचारेल: मुलीच्या कशासाठी? मुलांचं शरीर वाढतं, तसा कृत्रिम पाय बदलावा लागतो, त्यासाठी कोर्ट पैसे देतं. अंदाजपत्रक आणा, अर्ज करू. ते सरळ मनानं बोलले होते. गुलाबरावनं मात्र बाहेर येऊन एका गल्लीतला माणूस शोधला, जो पाचशे रुपयांत अंदाजपत्रकावर हवा तो आकडा लिहून द्यायला तयार होता. पायाच्या खर्चाच्या तिप्पट आकडा ठरला. अर्जावर पालक म्हणून सही मालनबाईची लागणार होती. तिनं केली. करताना पेन दोनदा उमटलं नाही, तेव्हा वकिलांनी दुसरं दिलं.

तारीख आठ दिवसांवर आली, तेव्हा गुलाबरावनं प्रियंकाला शिकवायला घेतलं. दुपार कलल्यावर, दुकानाचं शटर अर्धं ओढून, तिला खोक्यावर बसवून. शिकवण्याची त्याला आवडच होती. न्यायाधीश मॅडम काय विचारतील, उत्तर किती द्यायचं, हात कुठं ठेवायचे, सगळं त्यानं तारेसारखं मोजून सांगितलं. मालनबाई मागच्या खोलीत डाळ निवडत ऐकत होती.

"पैर छोटा पड़ता है मॅडमजी. चलते समय दुखता है," प्रियंका म्हणाली.

"हळू म्हण. आणि उठून दाखव."

प्रियंका उठली. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला तिचा चेहरा असा आवळला गेला की दारातून बघणाऱ्या मालनबाईनं डाळीतला हात काढला.

"शाब्बास," गुलाबराव म्हणाला. "असंच करायचं. एकदम असंच."

पोरगी बापाकडं बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि पुन्हा खोक्यावर बसली. मालनबाईला वाटलं, आपण लेकराला काय काय शिकवून राहिलो. तिनं ताटातला खडा उचलून बाहेर टाकला.

ते आठ दिवस ती रोज मटरात गेली. अंधुक उजेडात निघायची, दुपार कलल्यावर यायची, पाठ भिंतीला टेकवायची. प्रियंका स्वतःच पाय चढवायची, स्वतःच काढायची, दार लोटून घ्यायची. मोठी होऊन राहिली, मालनबाई मनाशी म्हणायची आणि तेवढ्यावर सोडून द्यायची.

तारखेच्या दिवशी गुलाबराव पहिल्या बसनं पुढं गेला. गल्लीतल्या माणसाकडून कागद घ्यायचा होता. मायलेकींनी दुसऱ्या बसनं यायचं ठरलं. बऱ्याच दिवसांनी मालनबाई सकाळी घरात होती. प्रियंकाचा शाळेचा गणवेश झटकून ठेवला, वेणी घातली, आणि उरलेल्या पायावर चढवायचे मोजे आणायला अंगणातल्या दोरीकडं गेली.

कृत्रिम पाय देताना तो बनवणाऱ्या कारागिरानं तिला नीट सांगितलं होतं. आता तीन मोजे घालून पाय बसतो. पोरगी भरत जाईल तसा एक मोजा कमी करायचा. एकावर आलं की घेऊन यायचं, थांबायचं नाही. म्हणून ते मोजे मालनबाई स्वतः धुवायची, दुसऱ्या कपड्यांत मिसळायची नाही. दिवाळीच्या आधी दोन होते, हे तिला आठवत होतं.

दोरीवर तिन्ही मोजे होते. कडक वाळलेले, वर धूळ बसलेली. एकाच्या घडीत कोळ्यानं जाळं केलं होतं.

ती मोजे हातात घेऊन तशीच आत गेली. प्रियंकानं दार लोटलं होतं, ते तिनं उघडलं. पोरगी खाटेवर बसून उघडा पाय प्लास्टिकच्या साच्यात कोंबत होती. एका हातानं खाटेची पाटी धरली होती, ओठ दाताखाली होता. दुसऱ्या पायाच्या उंचीला पुरावं म्हणून तिनं बुटात चिंधी दुमडून घातली होती. मालनबाईनं साचा ओढून काढला. नडगीच्या टोकाला रुपयाएवढी जागा सोलून लाल झाली होती, कडेनं पिवळी.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन्‌ मले काहून नाही सांगतलं?"

प्रियंकानं बुटातली चिंधी नीट दुमडली. मग म्हणाली, "सांगितलं ना. दुकानात. बाबा शाब्बास म्हणाले."

मालनबाई खाली बसली. मोजे मांडीवर होते. तिला त्या दुपारचा तो आवळलेला चेहरा दिसला, आणि दारात उभी असलेली ती स्वतः दिसली.

"मला वाटलं," प्रियंका सांगत होती, "परत सांगितलं तर तुला वाटेल की प्रॅक्टिस करून राहिली."

मालनबाईनं कोमट पाण्यानं जखम पुसली, स्वच्छ मऊ कापड गुंडाळलं. म्हणाली, आज पाय घालू नको. पण पोरगी हट्टानं म्हणाली की बसमध्ये सगळे बघतात, कोर्टात गेल्यावर काढते. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मालनबाई तिच्या बुटाकडं.

कोर्टाच्या वऱ्हांड्यात गुलाबराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. हातात पाकीट होतं. मालनबाईनं प्रियंकाला बाकावर बसवलं, नवऱ्याच्या हातून पाकीट घेतलं आणि न उघडता पिशवीत टाकलं. मग विष्णुपंतांकडं वळली.

"वकीलसाहेब, अर्जातला आकडा खोडा. लिहा का जेवढं बिल होईन तेवढं, अन्‌ थेट पाय बनवणाऱ्याले."

गुलाबरावचा चेहरा उतरला. त्यानं तिचा दंड धरला, पुढच्या कोपऱ्यापर्यंत नेलं. हलक्या आवाजात म्हणाला, पागल झाली का, नऊ लोक उद्या दारात येतीन, मंग काय करू, फाशी घेऊ? मालनबाईनं दंड सोडवला नाही, फक्त म्हणाली की सही माझी आहे. इतक्या वर्षांत ती त्याला असं कधी बोलली नव्हती. तो सोडून दोन पावलं मागं झाला.

विष्णुपंतांनी चष्मा काढून पुसला. पाकिटाच्या दिशेनं बघायचं त्यांनी टाळलं. "तो कागद मी पाहिलेला नाही," ते म्हणाले, "आणि मला तो दाखवूही नका." त्यांनी आकड्यावर रेघ मारली, वर नवी ओळ लिहिली आणि शेजारी मालनबाईची सही घेतली. या वेळी पेन पहिल्याच झटक्यात उमटलं.

न्यायाधीश बाई पन्नाशीच्या होत्या. गर्दी संपल्यावर त्यांनी यांना आतल्या खोलीत बोलावलं. कागद वाचला, खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवून वकिलांकडं पाहिलं, पण विचारलं प्रियंकाला.

"बेटा, पैर में क्या तकलीफ है?"

प्रियंकानं हात मांडीवर ठेवले. "पैर छोटा पड़ता है मॅडमजी. चलते समय दुखता है."

बाईंनी पेन खाली ठेवलं. अशी पाठ केलेली मुलं त्यांच्यासमोर खूप येऊन गेली असावीत. "किसने सिखाया?"

"बाबा ने."

गुलाबराव दाराजवळ उभा होता, तो भिंतीकडं बघायला लागला. विष्णुपंत काही बोलणार होते, बाईंनी हातानं थांबवलं आणि पुन्हा पोरीला विचारलं, की मग हे खरं आहे की नुसतं शिकवलेलं?

प्रियंका वाकली, गुडघ्यावरचा पट्टा सोडला आणि पाय काढून टेबलाच्या कडेला उभा केला. बुटासकट. मग गुंडाळलेलं कापड उलगडलं. बसच्या हिसक्यांनी जखम पुन्हा ओली झाली होती, शेवटचा पदर निघताना चिकटला. तिनं तो थुंकी लावून हळूच सोडवला, जसा ती कुणी बघत नसताना रोज सोडवत असावी.

"दिवाली से," ती म्हणाली.

गुलाबराव दाराजवळून पुढं आला. कुणी बोलावलं नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि जखमेला हात न लावता तिच्या भोवती बोट फिरवलं, मोटारीतली खाच बघताना फिरवायचा तसं. त्यानं मान वर केली तेव्हा त्याला मालनबाई दिसली, आणि तिनं आकडा काहून खोडला ते त्याला समजलं. तो उठला नाही. बाईंनी हुकूम सांगितला तोही त्यानं बसूनच ऐकला: पायाचं बिल होईल ते बँकेतून थेट कारागिराला जाईल, जखमेच्या इलाजाचंही तसंच, बाकी रक्कम आहे तिथंच राहील. आणि पुढच्या वेळी, त्या म्हणाल्या, मुलीला पाठ करवून आणू नका, डॉक्टरला दाखवून आणा.

बाहेर मालनबाईनं पिशवीतलं पाकीट काढून गुलाबरावला परत दिलं. त्यानं ते फाडलं आणि तुकडे खिशात ठेवले.

परतीच्या बसमध्ये प्रियंका खिडकीशी, मालनबाई मधे, तो कडेला. पनागर गाव मागं पडलं. पुढं शेतं लागली. दुपारनंतर ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. हिरव्या मटरात पटेल दद्दांचा तुकडा लांबूनही ओळखू येत होता, मधोमध पिवळा पडलेला. गुलाबरावनं कंडक्टरला हाक मारून बस थांबवली.

"इथं काहून?" मालनबाईनं विचारलं.

"ऊन पडलं," तो म्हणाला. "आता काय सांगू लोकायले?"

मायलेकी पुलाच्या कठड्यावर टेकल्या. प्रियंकानं पाय काढून शेजारी ठेवला. गुलाबराव बांधावरून चालत गेला, इस्त्रीच्या शर्टात. पटेल दद्दा शेताच्या कडेला बोऱ्या शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली नाही. आवाज पुलापर्यंत स्पष्ट येत होता.

"सूख गई वार्निश?"

"वार्निश नहीं है दद्दा," गुलाबराव म्हणाला. "अंदर तांबा ही नहीं है. चोरी हो गया. आज पंद्रह दिन हुए."

दद्दा उठले. मालनबाईला वाटलं, आता हात उचलतात. त्यांनी वाकून एक शेंग तोडली, नखानं उघडली आणि गुलाबरावच्या तळहातावर ठेवली.

"गिन," ते म्हणाले.

गुलाबराव मोजत उभा राहिला. मोजण्यासारखं फारसं नव्हतं. दद्दा मग बोलले ते मोठ्यानं नाही, त्यामुळं सगळं ऐकू आलं नाही. एवढं कळलं की पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी भाड्याचं इंजिन लावून पाणी दिलं असतं. चोरीचं दुःख त्यांना नव्हतं, पंधरा दिवसांचं होतं. गुलाबराव म्हणत होता की तार दद्दांनी आणली तर मजुरी तो घेणार नाही, या मोटारीची नाही आणि पुढच्या सालचीही नाही, आणि उद्या तो ठाण्यात जातो आहे. दद्दा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खाली बसून पुन्हा बोरी शिवायला लागले. गुलाबराव थोडा वेळ थांबला आणि निघाला.

तो परत आला तेव्हा शेंग त्याच्या मुठीतच होती. ती टाकायची की ठेवायची हे त्याला कळत नव्हतं. प्रियंकानं हात पुढं केला, चारही दाणे तोंडात टाकले.

"गोड आहेत," ती म्हणाली. "लहान आहेत, पण गोड आहेत."

गुलाबराव तिच्यासमोर पाठ करून वाकला. ती म्हणाली, चालते ना मी, लोक बघतीन. तो वाकूनच राहिला. शेवटी तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले. मालनबाईनं तो कृत्रिम पाय पिशवीत घातला, पण तो पूर्ण मावेना. शाळेचा काळा बूट बाहेर राहिला, आणि तिनं तो झाकला नाही.

"दुसरं घर कोनाचं?" तिनं विचारलं.

पुढच्या वस्तीवर गावच्या चौकीदाराचं, कोटवारांचं, तो म्हणाला. त्यांच्या पलीकडं दोन भाऊ. अंधार पडायच्या आत चार होतील, बाकीचे उद्या. मग त्यानं पाठीवरच्या पोरीला विचारलं, आकडा ठेवशील ना?

प्रियंकानं हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली.

"एक," ती मोठ्यानं म्हणाली.

आणि पुढचं घर येईपर्यंत, वेढे मोजताना बोलायचं नसतं तसं, तिघांपैकी कुणीच बोललं नाही.